आधी रजा मोजा, मग गर्दीला नावं ठेवा

माझ्या आईनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती. तारीख २६ जानेवारी २०२४, वार शुक्रवार. म्हणजे ज्या दिवशी शहाण्या माणसानं घराबाहेर पडू नये असं सगळे सांगतात, अगदी तोच दिवस. लाँग वीकेंडचा पहिला.

पुण्याहून दिवेआगरला निघालो होतो. मावसभावाची जुनी गाडी, आत पाच माणसं, आईच्या मांडीवर दशम्यांचा डबा. पहाटे पाचला निघालो, ताम्हिणी घाट थंडीत गुणगुणत उतरलो आणि माणगावला अडकलो. ज्यांनी सुट्टीच्या दिवशी माणगाव पाहिलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. पुण्याकडून आलेल्या गाड्या आणि मुंबईकडून आलेल्या गाड्या तिथल्या बाजारपेठेत एकमेकींना भेटतात आणि मग कुणीच कुठे जात नाही. अडीच तास आम्ही एका बेकरीसमोर उभे होतो. बेकरीवाल्याशी ओळख झाली. शेजारच्या टेंपो ट्रॅव्हलरमधल्या पोरांना आईनं दशमी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, त्यांच्या आजीनं खिडकीतून चकल्या दिल्या. बाबा रिक्षा चालवतात. ते खाली उतरून वाहतूक पोलिसाला गाड्या कशा काढाव्यात याचा सल्ला देऊन आले. पोलिसानं तो ऐकूनही घेतला, बहुधा थकला असावा.

दुपारी एकच्या पुढे दिवेआगर. सुरूच्या झाडांमधून वाट काढत किनाऱ्यावर आलो तर समोर जत्रा. घोडागाडी, उंट, भेळवाले, वाळूत रुतलेली एक चारचाकी आणि ती ढकलणारे वीस जण. आई चप्पल हातात घेऊन सरळ पाण्याकडे चालत गेली. बार्शीकडची आहे ती, दुष्काळी भागातली. घोटाभर पाण्यात उभी राहिली, साडी वर धरून, आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “एवढं पाणी इथं पडलंय, आणि आपल्या नळाला दोन तास.”

नेमकं तेव्हाच मागून आवाज आला. माझ्याच वयाचा एक मुलगा मोबाइलसमोर उभा राहून बोलत होता: गाइज, दिवेआगर आता संपलंय, सगळी पब्लिक इथे यायला लागलीय, वाट लावलीय पूर्ण. त्याच्या फ्रेममध्ये ‘पब्लिक’ म्हणून माझी आई होती.

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. वर्षभरापूर्वी मी रत्नागिरीकडच्या एका रिकाम्या किनाऱ्याचा रील टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘जागेचं नाव सांगणार नाही, नाहीतर पब्लिक येऊन घाण करेल.’ त्या रीलला माझ्या आयुष्यातले सगळ्यात जास्त लाइक्स मिळाले. तो मी बुधवारी काढला होता. बुधवारी तिथे कुणी नव्हतं म्हणून मला वाटलं, आपल्याला खरा प्रवास कळतो.

‘क्राउड कसाय?’

फिरण्याबद्दल आपण जे बोलतो त्यात एक तुच्छता मुरलेली आहे. ‘टूरिस्ट’ म्हणजे हलका, ‘ट्रॅव्हलर’ म्हणजे भारी. ‘वीकेंडवाले’ ही शिवी आहे. ‘ऑफबीट’ ही पदवी आहे. हॉटेल बुक करताना आपण मित्राला विचारतो, “तिथला क्राउड कसाय?” आणि तो म्हणतो, “क्राउड चांगला नाहीये.” यात क्राउडनं काय केलं, हे कधीच सांगितलेलं नसतं. दारू पिऊन मारामारी केली का? कचरा टाकला का? पुष्कळदा काहीही नाही. बायका साडी नेसून पाण्यात उतरल्या होत्या, कुणी घरून डबा आणला होता, पोरं मोठ्यानं हसत होती, एवढंच. गोव्यात ‘दर्जेदार पर्यटक’ हवेत अशी भाषा सरकारी पातळीवरही चालते. दर्जा कशानं मोजायचा, तर खिशानं.

कचरा करणाऱ्यांशी माझं भांडण आहे, त्यावर पुढे येतोच. पण आधी एक साधा प्रश्न. ही सगळी माणसं एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकाच किनाऱ्यावर का येतात? त्यांना गर्दी आवडते म्हणून? माझ्या आईला गुरुवारी, रिकाम्या दिवेआगरला जायला आवडलं नसतं का?

आवडलं असतं. तिला गुरुवार मिळत नाही.

रविवार कुणी दिला?

आई कापडाच्या दुकानात काम करते. तिची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. माझी शनिवार-रविवार. बहिणीच्या कॉलेजची रविवारी. बाबांची सुट्टी म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली, म्हणून ते ती घेतच नाहीत. एका घरात चार माणसं, आणि वर्षाच्या ३६५ दिवसांत आम्हा सगळ्यांना एकत्र मोकळे मिळणारे दिवस हाताच्या बोटांवर मोजता येतात. २६ जानेवारी त्यातला एक. तरीही त्या वेळी आईनं शनिवारचा पगार कापून घेतला, म्हणून एक रात्र मुक्काम तरी झाला.

आपल्याला रविवार पंचांगातून आल्यासारखा वाटतो. तसा तो आलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली ‘बॉम्बे मिल हॅन्ड्स असोसिएशन’ उभी केली, सभा घेतल्या, निवेदनं दिली, आणि १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पगारी रजा तर आणखी उशिरा आली. १९४५ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत असताना, कारखाना कायद्यात तिची तरतूद झाली. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला, त्यातलं २४ वं कलम सांगतं की विश्रांती, फुरसत आणि ठरावीक काळानं पगारी सुट्टी हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. प्रत्येक माणसाचा. ज्याला ट्रेकिंगचे बूट परवडतात त्याचाच, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही.

आता हिशेब करू. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार, तो २०२५ पर्यंत लागू होता तेव्हा, वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्या माणसाला २० दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळायची. ३०० दिवस भरले तर १५. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं आणि आस्थापना कायद्यातही हाच हिशेब आहे, शिवाय ८ किरकोळ रजा. कागदावर वाईट नाही. पण त्या १५ दिवसांतून वजा करा: गावाकडचं एक लग्न, एक दहावा, सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, पोराच्या अ‍ॅडमिशनच्या रांगा, स्वतःचा एक डेंग्यू. उरतं काय?

आणि हे कागद ज्यांना लागू आहेत त्यांचंच झालं. २०१७ चा कायदा दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांसाठी होता. आईच्या दुकानात मालक धरून सहा जण. तिथे रजा म्हणजे मालकाचा मूड. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही दहाची मर्यादा वीसवर न्यायला आणि कामाचे तास वाढवायला मंजुरी दिली. घरकाम करणाऱ्या मावशी, बांधकामावरचे मजूर, तुमच्या दारात बिर्याणी आणून देणारा मुलगा यांच्या आयुष्यात ‘पगारी रजा’ हा शब्दच नाही. त्यात मोठमोठ्या कंपन्यांचे कर्तेधर्ते आठवड्याला सत्तर तास काम करा, नव्वद तास करा, असं आपल्याला सुचवत असतात.

या सगळ्यातून गाळून जे उरतात ते म्हणजे सगळ्यांना एकदमच मिळणारे दिवस. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, दिवाळी, नाताळ, आणि त्यांना चिकटून आलेला एखादा शनिवार-रविवार. दर डिसेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर ती यादी फिरते: ‘पुढच्या वर्षी अमुक रजा टाका, तमुक दिवस सुट्टी मिळवा.’ मीही ती फॉरवर्ड करतो. तुम्हीही करता. आणि मग त्याच तारखेला माणगावात भेटल्यावर एकमेकांवर हॉर्न वाजवतो.

मला २२ पगारी रजा आहेत आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम करता येतं. माझा ऑफबीट प्रवास या बावीस रजांवर उभा आहे. माझी आवड आईपेक्षा उच्च आहे म्हणून मला रिकामा किनारा मिळाला, हे खोटं आहे. मला बुधवार परवडला, एवढंच.

साठ दिवस आधी तिकीट, सहा दिवस आधी रजा

सुट्टीचा दिवस मिळाला म्हणजे पोहोचता येतं असं नाही.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस आधी उघडायचं. सकाळी आठच्या ठोक्याला अ‍ॅप उघडून बसलात, बोट स्थिर असलं, नेट दगा देत नसलं, तर गणपतीचं कोकणातलं तिकीट मिळतं. सव्वाआठला वेटिंग. मग उरतं तत्काळ: आदल्या दिवशी एसीसाठी दहाला, बिनएसीसाठी अकराला. त्या अर्ध्या मिनिटात कॅप्चा भरता भरता किती मराठी संसारांत भांडणं झाली असतील, त्याची मोजदाद नाही.

पण मला सगळ्यात जाचक वाटतो तो दोन तारखांचा न जुळणारा सांधा. तिकीट ६० दिवस आधी काढायचं. २०२५ पर्यंत लागू असलेला कारखाना कायदा सांगायचा, रजेचा अर्ज १५ दिवस आधी द्या. प्रत्यक्षात मालक किंवा मॅनेजर सहा दिवस आधी सांगतो, “बघू, स्टाफ कमी आहे.” ज्याची रजा सहा दिवस आधी ठरते तो साठ दिवस आधी तिकीट कसं काढणार? म्हणजे कन्फर्म तिकीट कुणाला मिळतं, हे पैशाच्याही आधी ठरतं. ज्याला स्वतःच्या पुढच्या दोन महिन्यांची खात्री आहे, त्याला मिळतं. बाकीच्यांनी जनरल डब्यात दाराशी उभं राहायचं किंवा खासगी ट्रॅव्हल्सच्या बसला हात करायचा. त्या बसनं एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेऊ नये, असा नियम राज्यानं २०१८ साली केला. दिवाळीच्या आदल्या रात्री शहराबाहेरच्या एखाद्या चौकात उभं राहून तो नियम कुणाला ऐकवून बघा. मी ऐकवला होता. क्लीनर म्हणाला, “मग एसटीनं जा ना, दादा.”

उत्तर तसं बरोबर होतं. एसटीनंच जायला हवं. पण एसटीच्या जादा गाड्या गर्दीच्या मानानं कमी पडतात. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली आणि आजही तिचा बहुतेक मार्ग एकेरी आहे. समोरून गाडी आली की आपली थांबते. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ च्या सुमारास सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता दहावीच्या उंबरठ्यावर आहेत, आणि रस्ता अजून ‘लवकरच’ पूर्ण होणार आहे. तेव्हा माणगावात अडकल्यावर “ही सगळी पब्लिक कशाला बाहेर पडते” असं विचारणं सोपं आहे. “हा रस्ता अजून का झाला नाही” असं विचारायला थोडे कष्ट पडतात.

कुंडमळा

पावसाळ्यात ही तुच्छता जिवावर येते.

१५ जून २०२५, रविवार. तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल त्यावरच्या माणसांसकट कोसळला. चौघांचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. संध्याकाळपर्यंत माझ्या टाइमलाइनवर निकाल लागला होता. ‘लोकांना अक्कल नाही.’ ‘फलक लावलाय तरी जातात.’ ‘मरायला येतात.’ पूल धोकादायक आहे हे ठाऊक होतं. नवा पूल मंजूरही झाला होता. जुना मात्र उघडा उभा होता आणि पावसाळ्यातल्या रविवारी तिथे माणसं लोटतात हे पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत होतं. फलक लावला म्हणजे काम झालं, ही अक्कल कुणाची?

वर्षभर आधी, ३० जून २०२४ ला, लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तोही रविवार. त्यानंतर पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश निघाले. दर पावसाळ्यात निघतात. दोन-चार दिवसांपुरती बंदी मला समजते. पाणी कसं वाढतं हे मैदानी भागातून आलेल्या माणसाला कळत नाही, त्याला अडवलंच पाहिजे. पण दरवर्षी तोच आदेश काढणं म्हणजे व्यवस्थापन झालं का? प्रवाहापाशी दोर नाही, गावातल्या पोहणाऱ्या पोरांना शिट्टी आणि पगार नाही, किती माणसं आत गेली याची मोजणी नाही. आहे ती फक्त बंदी, आणि ती रविवारी टोचते. बुधवारी जाणाऱ्याला ती कळतही नाही.

बेदरकारपणा असतो, नाकारत नाही. दारू पिऊन धबधब्याच्या कड्यावर उभी राहिलेली पोरं मी पाहिली आहेत. पण मेलेल्या माणसाला ‘पब्लिक’ म्हटलं की त्याच्या मरणाला कुणी जबाबदार उरत नाही. मला भीती याची वाटते.

गावकऱ्यांचं काय?

इथे कुणीतरी म्हणेल, आईचा किस्सा ठीक आहे, पण ज्यांच्या दारात ही गर्दी येते त्यांना विचारा. विचारलं. दिवेआगरला आम्ही ज्यांच्या घरी उतरलो त्या काकूंनी उकडीचे मोदक वाढता वाढताच ऐकवलं: सुट्टीच्या तीन दिवसांत विहिरीचं पाणी तळाला जातं, सकाळी वाडीत दारूच्या बाटल्या सापडतात, रात्री दोनपर्यंत स्पीकर, आणि सोमवारी सगळे गेल्यावर कचरा उचलायला गावचीच माणसं. हे खरं आहे आणि यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्याला दंड व्हावा, बाटली फोडणाऱ्याला त्याच काचा वेचायला लावाव्यात. आईला सुट्टी मिळत नाही म्हणून कुणालाही दुसऱ्याचं अंगण घाण करायचा परवाना मिळत नाही.

पण काकूंची तक्रार आणि त्या रीलवाल्याची तक्रार एक नाही. काकूंना माणसं हवी आहेत, नीट वागणारी, आणि जमल्यास वर्षभर थोडी थोडी. “तीन दिवसांत चाळीस जण येतात आणि मग महिनाभर कुत्रं फिरकत नाही,” असं त्या म्हणाल्या. रीलवाल्याला माणसंच नको आहेत, त्याला किनारा एकट्यासाठी हवा आहे. काकूंचा प्रश्न शौचालयं, कचरागाडी आणि पाण्याची योजना यांनी सुटतो, आणि सगळ्यांच्या सुट्ट्या एकाच दिवशी कोंबल्या नाहीत तर आणखी सुटतो. रीलवाल्याचा प्रश्न फक्त माझ्या आईनं घरी बसल्यानं सुटतो.

टोपीवाले हलकट

ही तुच्छता नवी नाही आणि आपली एकट्याचीही नाही. फ्रान्समध्ये १९३६ च्या जूनमध्ये प्रचंड संप झाले आणि कामगारांना पहिल्यांदा कायद्यानं दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. त्याच उन्हाळ्यात सरकारनं त्यांच्यासाठी रेल्वेच्या तिकिटात ४० टक्के सवलत काढली. हजारो लोकांनी तेव्हा पहिल्यांदा समुद्र पाहिला. आणि त्या किनाऱ्यांवर आधीपासून जाणारे बडे लोक काय म्हणाले? डोक्यावर कामगारी टोपी घातलेले हलकट आले, असं म्हणाले. भाषा वेगळी, पण ऐकायला दिवेआगरच्या रीलसारखीच. फरक इतकाच की तिथल्या कायद्यानं बड्या लोकांच्या कुरकुरीकडे लक्ष दिलं नाही. १९८२ पासून तिथे वर्षाला पाच आठवडे रजा आहे, आणि ठरलेल्या तारखा शेवटच्या महिन्यात मालकाला सहसा बदलता येत नाहीत. जर्मनीत सोळा राज्यांच्या शाळांच्या उन्हाळी सुट्ट्या वेगवेगळ्या तारखांना सुरू होतात, म्हणजे सगळा देश एकाच शनिवारी रस्त्यावर येत नाही.

हे आपल्याकडे अशक्य का असावं? रजेची तारीख दोन महिने आधी लेखी मिळावी, सहा माणसांच्या दुकानातही. विदर्भ, मराठवाडा, कोकण, पश्चिम महाराष्ट्र इथल्या दिवाळीच्या सुट्ट्या सणामुळे हलणार नाहीत, पण नाताळच्या आणि सत्रामधल्या सुट्ट्या आठवडाभर मागेपुढे करायला काय हरकत आहे? सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना एलटीसी देतं, म्हणजे माणसानं फिरून यावं हे सरकारला पटलेलं आहे. मग ते पटणं सरकारी नोकरीच्या दारात का थांबतं? एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही चार आणि सात दिवसांच्या पासची योजना कित्येक वर्षांपासून आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. म्हणजे पाया तयार आहे. त्यावर सुट्टीच्या दिवसांत पुरेशा गाड्या सोडायच्या आहेत.

तोवर आपण, म्हणजे ज्यांच्याकडे बुधवार आहे ते, निदान दोन गोष्टी करू शकतो. लाँग वीकेंडला घरी बसू शकतो. तो रस्ता त्या दिवशी ज्यांना दुसरा दिवसच नाही त्यांच्यासाठी सोडू शकतो. आणि जागेचं नाव सांगू शकतो. मी तो जुना रील काढून टाकला आणि किनाऱ्याचं नाव, जायचा रस्ता आणि कुणाकडे जेवायला मिळतं तेही लिहून पुन्हा टाकला. लाइक्स निम्मेही आले नाहीत.

परत येताना

दुसऱ्या दिवशी परतताना माणगावात पुन्हा अडकलो. आई मागच्या सीटवर झोपली होती, पायाला वाळू तशीच. पदरात बांधलेले शिंपले मांडीवर. मला वाटलं होतं, एवढ्या त्रासानंतर ती म्हणेल, पुन्हा नको. जागी झाली आणि पहिलं वाक्य बोलली, “पुढच्या वेळी आक्काला पण आणू.” आक्का म्हणजे तिची बार्शीची बहीण. वय सत्तावन्न. समुद्र पाहिलेला नाही.

ती पुढची वेळ अजून आलेली नाही. २०२६ चं कालनिर्णय घरी आलं त्या संध्याकाळी आईनं पहिल्यांदा जानेवारीचं पान पाहिलं. २६ तारीख सोमवारी. माझ्यासाठी शनिवार, रविवार, सोमवार असा झकास लाँग वीकेंड. तिची सोमवारी तशीही सुट्टी असते. म्हणजे तिच्या हाती काहीच नवीन नाही. “गेली,” एवढंच म्हणाली आणि पानं उलटायला लागली. मग मे महिन्यावर थांबली. १ मे, शुक्रवार. भर उन्हाळा, शाळांना सुट्ट्या, सगळा महाराष्ट्र रस्त्यावर. तिनं त्या चौकोनात पेन्सिलीनं खूण केली आणि आक्काला फोन लावला.

तर १ मेला आम्ही माणगावात असू, सकाळी आठच्या सुमारास, बहुधा त्याच बेकरीसमोर. तुम्हीही तिथे असलात तर काच खाली करा. डबा असेलच.